अण्णांचा एका किलोतला खेळ

कुठल्याही गावात जीप थांबली की अण्णा आधी किराणा दुकानाकडं जायचे. चहापत्ती घ्यायला नाही, बिडी घ्यायलाही नाही. बिडी ते ओढतच नव्हते. वजन करायला. खांद्यावरची काळी रबरी पिशवी दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सावकार, जरा बगून सांगा."

दुकानदाराला वाटायचं, काहीतरी विकायला आणलंय.

"काय हाय यात?"

"खेळ."

"कसला खेळ?"

"आदी वजन सांगा, मंग दाखवतो."

काटा किलोच्या आत थांबला की अण्णांचा चेहरा पोरगी पास झालेल्या बापासारखा व्हायचा. एकदा कमालनगरच्या बाजूला तीस ग्रॅम जास्त भरलं. अण्णा तिथंच पायरीवर बसले, पिशवी उघडली आणि एकेक वस्तू हातात घेऊन तोलायला लागले. मी जीपमधून हॉर्न वाजवत होते. ड्रायव्हर पायरीवर आणि सुपरवायझर हॉर्नवर, असं दृश्य. शेवटी त्यांनी टॉर्चमधला एक सेल काढून दुकानदाराच्या नातवाला देऊन टाकला आणि एका सेलवर चालणारी टॉर्च शोधायला पुढचे दोन महिने घालवले.

"किलोचाच हट्ट कामून अण्णा?" मी विचारलं होतं.

"अक्का, किलोभर वझं मानूस इसरून जातो. किलोच्या वर गेलं की खांदा बोलायला लागतो. आन् खांदा बोलायला लागला की मानूस पैला खेळच घरी ठिवतो. चटणीचा डबा न्हाई ठिवत."

अण्णा आमच्या सर्व्हेच्या जीपचे ड्रायव्हर. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या नावाबरोबर मी एकदा एक शब्द लिहिला होता, तेवढं पुरे.

एका संस्थेचं काम होतं. घरोघर जायचं आणि पाणी, आजारपण, शाळा, बाळंतपण यांवरचे शंभराच्या वर प्रश्न विचारून उत्तरं टॅबवर भरायची. आळंद, बसवकल्याण, औराद, भालकी, असे कर्नाटकातले सगळे सीमेकडचे तालुके. एका गावात पाच-सहा दिवस मुक्काम, शाळेच्या खोलीत नाहीतर समाजमंदिरात. त्याला आम्ही कॅम्प म्हणायचो. माझ्या हाताखाली दोन मुली, आणि आम्हा तिघींना घेऊन फिरणारे अण्णा.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. बाप खजुरी गावचा, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला. आई सही करायला माझ्याकडून शिकली. त्यामुळं बी.ए. होऊन मी सुपरवायझर झाले आणि लोक 'म्याडम' म्हणायला लागले, तेव्हा त्या शब्दाला मी कुणालाही हात लावू दिला नाही. चार लोकांत अण्णाही म्याडमच म्हणायचे. जीपचं दार लागलं की अक्का. वयानं मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी अक्का.

पिशवीत काय होतं ते सांगते, कारण ती पिशवी सांगितल्याशिवाय अण्णा सांगता येत नाहीत.

पिशवी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची, स्वतः दाभणानं शिवलेली. पावसात भिजत नाही, दगडावर आपटली तरी फाटत नाही, आणि अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं कुत्रं हुंगून सोडून देतं. आत जीपच्या सीटच्या रेक्झिनचा पट. एका बाजूला चौसर, दुसऱ्या बाजूला वाघ-शेळी. आमच्याकडचे कन्नड लोक त्याला आडू-हुली म्हणतात. सोंगट्या लाकडाच्या नाहीत, प्लास्टिकच्या तर नाहीतच. सोळा लोखंडी नट, चार रंगांत. रंग नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडून फुकट मारून आणलेला. चार बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टवर चार नट फिरवून बसवलेले. म्हणजे खडखडाट नाही, आणि खेळ संपल्यावर मोजायची गरज नाही. बोल्ट पुरा भरला नाही की नट हरवला. वाघ म्हणजे चाकाचे तीन मोठे नट. शेळ्या म्हणजे पंधरा वायसर. तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत कापूस घालून ठेवलेल्या सात कवड्या. खडूचा एक तुकडा, पट भिजलाच तर शाळेच्या फरशीवर आखायला. आणि रात्रीच्या डावाला ती एका सेलची टॉर्च.

"प्लास्टिक वाऱ्यानं उडतंय," ते म्हणायचे. "रानात बसलाव, वारं सुटलं, तुमची सोंगटी गेली ज्वारीत. मंग डाव कुनाचा? नट उडत न्हाई. आन् हरवला तर कुठल्याबी गावात सायकलवाल्याकडं नट मिळतोय. पेटीत आसली वस्तू घालायचीच न्हाई जी गावात मिळत न्हाई."

पिशवीलाच ते पेटी म्हणायचे. का, ते विचारलं तर म्हणायचे, "भजनाची आसती, तशी ही खेळाची."

ती पिशवी कधीच पुरी झालेली नव्हती. दर कॅम्पला तिच्यात काहीतरी बदल. मध्ये एकदा त्यांच्या डोक्यात आलं की चालत्या जीपमध्ये सोंगट्या घसरू नयेत. म्हणून भंगारातल्या जुन्या स्पीकरचे लोहचुंबक काढून पटाखाली चिकटवले. खड्ड्यातसुद्धा नट जागचे हलेनात. अण्णा खूश. आणि त्याच दिवशी आमचे टॅब बिघडले. एका बाईला मी विचारतेय, "घरात शेवटचं बाळंतपण कुठं झालं," आणि स्क्रीन काळी. उचलून बघितला की चालू, खाली ठेवला की काळी. बाई घाबरली. तिला वाटलं तिच्या उत्तरामुळं झालं. मी बीदरच्या ऑफिसला फोन लावून त्या माणसाला इतकं बोलले की त्यानं फोन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी कळलं: आम्ही टॅब अण्णांच्या पटावर ठेवत होतो. चुंबकामुळं टॅबना झाकण बंद झाल्यासारखं वाटत होतं, म्हणून ते झोपत होते.

अण्णा कान पकडून समोर उभे. "म्याडम, शेळ्या जागेवर ऱ्हाव्या म्हून केलं, तर तुमची म्हैस बसली."

चुंबक गेले. वजनही कमी झालं, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

गाडी चालवताना अण्णा खेळू शकत नव्हते, याचं त्यांना फार दुःख. मागं दोघी मुली खेळत असायच्या आणि हे पुढून, रस्त्यावरची नजर न हलवता, कवड्यांच्या आवाजावरून दान सांगायचे. "पाच पडलं. खोटं बोलू नका." आणि पाचच असायचं. मी एकदा मागं बसून मुद्दाम एकेक कवडी वेगळी टाकली. तर म्हणाले, "अक्का, ही फसवायची कवडी हाय, हिला आवाज न्हाई." आजपर्यंत मला कळलेलं नाही त्यांनी ते कसं ओळखलं. आरशात बघत असतील, अशी माझ्या मनाची मी समजूत घालते.

पत्ते मात्र त्यांनी कधी पिशवीत येऊ दिले नाहीत. आमच्यातल्या एकीनं वाढदिवसाला कोरा जोड दिला होता, तो तिलाच परत दिला. "पोरी, राग मानू नको. पत्ते काढले की चौथा मानूस पैसे काढतोच. मी लई तळ बगितलेत."

तळ म्हणजे मेंढरांचे. अण्णांचा बाप मेंढरं घेऊन फिरायचा. पेरणी नसलेल्या रानात शेतकरी बोलावून मेंढरं बसवून घ्यायचा, खत व्हायचं, आणि बदल्यात धान्य मिळायचं. चार दिवस या रानात, सहा दिवस त्या रानात. घोंगड्याच्या एका कोपऱ्यात पट विणलेला आणि दुसऱ्या कोपऱ्यात गाठ मारून कवड्या. अण्णा मेंढरामागं न जाता गाडीवर गेले, पण कोपऱ्यातली गाठ तेवढी बरोबर घेऊन गेले.

त्या तळाचा एक नियम त्यांनी आमच्या कॅम्पला लावला. हरणाऱ्यानं मूठभर धान्य घालायचं. हरभरा असो, मटकी असो, तूर असो, घरात असेल ते. फडकं पसरलेलं असायचं. खेळ संपला की त्या सगळ्याच्या घुगऱ्या शिजायच्या. जिंकणाऱ्यानं वाढायचं आणि सगळ्यांत शेवटी खायचं. बऱ्याचदा जिंकणाऱ्याच्या वाट्याला तळाचं पाणी आणि चार दाणे यायचे. "म्हून आमच्याकडं कुनी जिंकायला लई घाई करत न्हाई," असं अण्णा म्हणायचे, आणि गावचा पहिला डाव ते हमखास हरायचे. ठरवून. पहिला डाव गावाचा, हा दुसरा नियम.

आता मी ते लिहिते जे मला त्या वेळी पुरेपूर माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला पुढं म्हणायचं होतं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

आमचा सर्व्हे त्या पिशवीवर चालत होता.

औरादकडच्या एका गावात एक म्हातारी दार उघडेना. आतूनच बोलायची. "मागं बी आलतं लोकं. लिहून नेलं. काय दिलं? जावा तुमी." मी दोनदा गेले, दोनदा परत आले. म्हातारीला म्हणाले, "आजी, आमी सरकारचे न्हाई." ती म्हणाली, "मंग तर आजून कशाला याव?"

तिसऱ्या वेळी अण्णा बरोबर आले. दाराशी काही बोलले नाहीत. ओट्यावर पट टाकला आणि एकटेच वाघ-शेळी खेळायला बसले. दोन्ही बाजू स्वतःच. आणि इतकं वाईट खेळत होते की मलाही बघवेना. आत म्हातारी दाराच्या फटीतून बघत होती, हे बांगडीच्या आवाजावरून कळत होतं. पाच मिनिटं गेली. दहा.

"आरं, ती नको की!" आतून आवाज आला. "वाघ मोकळा सुटायलाय!"

"कुठली मावशी?"

"तीच, तुज्या अंगठ्याखालची. डोळे हाईत का बटनं हाईत?"

"मंग कुठली सारू?"

कडी निघाली. म्हातारी पदर खोचून येऊन बसली आणि अण्णांच्या हातातून शेळ्या काढून घेतल्या. मी टॅब मांडीवर घेतला. दोन शेळ्या मरेपर्यंत माझे निम्मे प्रश्न झाले. तिसरी मेली तेव्हा म्हातारीनं, पटावरची नजर न काढता, सांगितलं की तिची सून दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीत गेली, पोटातल्या लेकरासकट, आणि ते तिनं कुठल्याच कागदावर लिहू दिलेलं नाही. मग म्हणाली, "हां, तुजा वाघ हलीव."

अण्णांनी वाघ हलवला. चुकीचा हलवला. तिला जिंकू दिलं.

जीपमध्ये बसल्यावर अण्णांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, "अक्का, हात कामात आसला की मानूस खरं बोलतो. नुस्तं तोंडाकडं बगत बसलं की खोटं बोलतो."

असं एक गाव नाही, बरीच झाली. कुठं बायका सोंगट्या सारता सारता नवऱ्याच्या दारूचं सांगायच्या. कुठं पोरींच्या शाळा का सुटल्या ते कळायचं. माझ्या टीमची माहिती सगळ्यांत भरीव, असं मुख्य ऑफिसमधून दरमहा कळवलं जायचं. मेल माझ्या नावानं यायचा. मी तो बाबांना वाचून दाखवायची. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं, पण ते उठून चप्पल काढून ऐकायचे.

मग बसवकल्याण तालुक्यातल्या त्या कॅम्पवर साहेब आले.

दुपार होती. त्या दिवसाची घरं पूर्ण झाली होती. समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली पट पडला होता, आणि गावचे आठ-दहा जण भोवती. फडक्यावर हरभऱ्याचा चांगला ढीग. निळ्या सोंगट्या माझ्या होत्या. मी नुकतीच हरले होते, आणि शेजारच्या घरातून मागून आणलेली मूठ फडक्यावर टाकत होते. तेवढ्यात पांढरी गाडी आली. न कळवता. बंगळूरहून आलेले मोठे साहेब गाडीतून उतरेपर्यंत मी उभी राहिले होते, हात झटकले होते आणि टॅब हातात घेतला होता. हे सगळं मी इतक्या चपळाईनं केलं की मला आजही माझ्या अंगाचं आश्चर्य वाटतं.

साहेबांनी पट बघितला, कवड्या बघितल्या, ढीग बघितला. इंग्रजीत मला विचारलं, हे लोक काय लावून खेळतायत?

मी काही बोलायच्या आत गावचा एक म्हातारा उठला आणि त्यानं कन्नडमध्ये साहेबांना नीट सगळं सांगितलं. जुगार नाही, सगळ्यांसाठी घुगऱ्या शिजणार आहेत, तुम्हीही खाऊन जा. साहेबांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "खरं आहे का हे?"

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: तुम्हाला कसं माहीत? तुम्हीही बसता का? आणि त्याच महिन्यात जिल्ह्याच्या समन्वयकाची जागा भरायची होती. माझं नाव पुढं होतं.

मी इंग्रजीत म्हणाले, "मला कल्पना नाही, सर. ड्रायव्हरचं काहीतरी आहे."

व्याकरण बरोबर होतं. परक्या भाषेत खोटं बोलताना तोंड आपलं वाटत नाही, म्हणून ते सोपं जातं.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. 'ड्रायव्हर' कळलं. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि खाली बसून नट बोल्टवर फिरवायला लागले. लाल, हिरवे, पिवळे. मग माझे निळे. ज्या म्हाताऱ्यानं साहेबांना सांगितलं होतं, तो माझ्याकडं बघत राहिला. मी टॅबमध्ये बघत राहिले. स्क्रीन बंद होती.

साहेबांनी लेखी मागितलं. मी त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवल्या. 'जुगारासारखा खेळ' हे शब्द त्यात होते. ते शब्द साहेबांनी सांगितलेले नव्हते, माझे होते. 'मी पूर्वी तोंडी ताकीद दिली होती' हेही होतं. ती ताकीद मी ते लिहिताना दिली.

आठ दिवसांत अण्णांचं काम संपलं. बीदरच्या ऑफिसपुढं त्यांनी जीप आतून-बाहेरून धुतली, किल्ली माझ्या हातात दिली. खांद्यावर पिशवी होती.

"अक्का, क्लच जरा जड हाय. नव्या मानसाला सांगा, घाई करू नको म्हनावं."

एवढंच. कोणत्या कारणानं काढलं, कुणी कळवलं, काही विचारलं नाही. न विचारल्याचा मला त्या दिवशी आनंद झाला, हे लिहायचं राहू नये.

नवा ड्रायव्हर जीपमध्येच मोबाईल बघत बसायचा. गावात दारं अर्धी उघडायची. उत्तरं व्हय आणि न्हाई यांच्या पुढं जाईनात. मग मी ऑनलाइन एक घडीचा लुडो मागवला, प्रवासाचा, चुंबकाचा, वजन पाव किलो. एका गावात ओट्यावर मांडून बसले, अण्णा बसायचे तशी. बायका आल्या, बघितलं. एक म्हणाली, "बाई, हे लेकरांचं हाय की. तुमचं कुठं हाय?" आणि गेल्या.

तरी जागा मला मिळाली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुमच्या टीमशी लोक इतकं मोकळं कसं बोलले? मी म्हणाले, "ट्रेनिंग, सर."

अण्णा मन्नाएखेळ्ळीला असतात, हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलंय, हे मला लवकरच कळलं होतं. बीदरहून कलबुर्गीला जाताना बस तिथं थांबते. तिथं आली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. तीन वर्षं बघितलं. त्या बाजूला एक खताचं दुकान आहे आणि एक रसवंती. दोन्हींच्या पाट्या मला पाठ आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी उतरले. ठरवून उतरले. मी सरळ बोलणारी बाई आहे, असं मी सगळ्यांना सांगत असते. ऑफिसातही माझी तीच ख्याती. तर जाऊन तोंडावर सांगून टाकायचं, असं मनात धरलं होतं. बसमध्ये वाक्यं जुळवली होती.

दुकान म्हणजे पुढं पत्र्याचं छप्पर, मागं घर. बाकड्यावर दोन लॉरीवाले चौसर खेळत होते. भिंतीला खिळ्यांवर रबरी पिशव्या टांगलेल्या, सात-आठ, सगळ्या सारख्या. अण्णा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर केली.

"आरं! अक्का! कवा आलाव? उनात उबं कामून?" आणि आत ओरडले, "अगं, म्याडम आल्यात! आपल्या म्याडम!"

'आपल्या' म्हणाले.

हैदराबादकडून मोटारसायकलीवर तंबू बांधून फिरणारी पोरं येतात, पंक्चरला थांबतात, पिशवी बघतात आणि मागून नेतात, असं ते सांगत होते. एकानं तर डोंगरावरून फोटो पाठवला, बर्फावर पट मांडलेला. "बर्फावर नट गार पडतेत म्हनं, बोटाला चिकटतेत. आता काय करावं? त्याचं बगायलोय." खरोखर काळजीत होते. एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. "नऊशे चाळीस. बगा."

आत वहिनींनी चहा ठेवला. मुलगी आली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, सायन्स. माझ्या पाया पडायला लागली, मी मागं सरले.

"आमचे अप्पा सारखं तुमचंच सांगतेत," मुलगी म्हणाली. "म्याडमसारखं व्हायचं, म्हनतेत. बापाच्या घरात कुनी शिकलं नव्हतं तरी म्याडम झाल्या."

"आन् हिच्यासाठीच सोडली की वो ह्यांनी नोकरी," वहिनी चहा गाळत म्हणाल्या. "पोरगी दहावीला आली, घरी मानूस पायजे, म्हनले. चांगली जीपवरची नोकरी. मी भांडले तवा, आता कामून सोडायलाव म्हून. पन ऐकलं न्हाई. मीच सोडली, म्हनले."

मुलगी बापाकडं बघून हसली. त्या हसण्यात किती काय होतं ते मला दिसत होतं. बाप आपल्यासाठी नोकरी सोडून आला, यावर ती पोरगी अभ्यास करत होती.

अण्णा माझ्याकडं बघत होते. आता ते बघणं मला नीट कळतं. त्या दिवशी मी ते वेगळं वाचलं. मला वाटलं, हीच वेळ. इथं गप्प बसले तर लिंबाखाली गप्प बसले तसंच होईल.

"न्हाई वहिनी," मी म्हणाले. "त्यांनी सोडली न्हाई. त्यांना काढलं. माझ्यामुळं काढलं. जुगार खेळतेत असं मी लिहून दिलं होतं. खोटं लिहून दिलं."

सगळं सांगितलं. साहेब, हरभरा, चार ओळी, ताकीद. जुळवलेली वाक्यं एकही न चुकता आली. आवाज कापला नाही. बोलता बोलता मला जाणवत होतं की मी चांगलं बोलतेय.

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच कपावर. मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती. बाहेर बाकड्यावर लॉरीवाले खेळायचे थांबले होते.

"जुगार?" मुलगी म्हणाली.

अण्णा उठले. "चला म्याडम, बसची येळ झाली. मी सोडतो."

'म्याडम', घरात.

स्टँडपर्यंत दोनशे पावलं असतील. ते पुढं चालत होते. मी मागून म्हणाले, "अण्णा, तुमाला माहीत नव्हतं म्हणून..."

"माहीत व्हतं." ते वळले नाहीत. "बीदरला साहेबानं कागद दाखवला तवाच. म्या वाचून घेतला कुनाकडून. खाली तुमचं नाव व्हतं."

"मग तुमी मला कधी..."

"काय इचारू?" आता ते थांबले. हाताला ट्यूबचं काळं लागलेलं, ते धोतराला पुसत होते. "तुमी लिवलं, तुमची नड आसंल. म्या घरी एक सांगितलं, ती माजी नड. तीन वर्सं चाललं की नीट. आज कामून सांगितलं अक्का? आन् पोरीपुढं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. खरं सांगायला पाहिजे, मनाला खात होतं, असलं काहीतरी. ते ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं, कारण त्यात सगळीकडं मीच होते.

कलबुर्गीची बस आली. अण्णांनी हात करून थांबवली, कंडक्टरला सांगितलं, "म्याडमला बसायला जागा द्या." मी चढले. खिडकीशी आले तर ते खाली उभे. रागानं बघतील असं वाटलं होतं. तसं नव्हतं. एखाद्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा, तसं बघत होते.

"आता बरं वाटलं का तुमाला?"

त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

बस हलली. मी मान नाही म्हणून हलवली.

वाटलं होतं. दारातून बाहेर पडल्यापासून बरं वाटत होतं.